उल्हासराव आणि रविवारी दगावणारी पिल्लं

मिशिगनात लपीर गावाबाहेर पाच एकरांत मोर पाळणारा मराठी माणूस कोण, असं ट्रॉयच्या मंडळात कुणालाही विचारा. उल्हासराव केळुसकरांचं नाव काही जण कौतुकानं सांगतील आणि काही जण कपाळाला हात लावून. डेट्रॉइटला बत्तीस वर्षं या माणसानं गाड्यांच्या ब्रेकची क्वालिटी तपासली. रिटायर झाल्यावर लोक फ्लोरिडात कॉन्डो घेतात, क्रूझवर जातात. यांनी एक मोर आणि तीन लांडोरी घेतल्या.

हौस म्हणून सोडून द्यायची गोष्ट नव्हती ती. अंडी उबवायच्या मशीनचं तापमान नव्याण्णव पॉइंट पाच फॅरनहाइट, त्यात इकडचं तिकडं नाही. अठ्ठावीस दिवसांचा हिशोब भिंतीवरच्या तक्त्यात. पिल्लं निघाली की खाली खरखरीत टॉवेल, कारण गुळगुळीत कागदावर त्यांचे पाय फाकतात. पहिला आठवडा दिव्याखाली पंच्याण्णव डिग्री, मग दर आठवड्याला पाच-पाच डिग्री कमी. मोराचं पिल्लू दिसायला गोड, पण खायच्या बाबतीत महामठ्ठ. समोर दाणा असला तरी उपाशी मरेल. त्याच्यापुढं बोटानं टकटक करून उकडलेल्या अंड्याचा चुरा दाखवावा लागतो, तेव्हा कुठं स्वारी चोच लावते. शेजारच्या गोऱ्या म्हातारीनं एकदा तिच्या कोंबड्या यांच्या आवारात सोडल्या, तर उल्हासराव आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. कोंबड्या फिरलेल्या जमिनीतून पिल्लांना यकृताचा रोग लागतो, हे त्यांनी तिला तीन वेळा समजावलं होतं.

असं असल्यावर दहा अंड्यांतून आठ पिल्लं कधी चुकली नाहीत. मंडळातली पोरं जूनमध्ये पिल्लं हातात घ्यायला यायची, आणि उल्हासराव एकेकाला बसवून, ओंजळ कशी करायची ते दाखवून, पिल्लू हातात द्यायचे. अनोळखी माणसालाही नाही म्हणायचे नाहीत. पहिल्या वर्षी तर त्यांच्या बायकोनं, मृणालिनीबाईंनी, पिल्लांचं बारसं केलं होतं. घुगऱ्या वाटल्या, पाळणा म्हटला, ट्रॉयच्या बायका हसून हसून लोळल्या.

त्याला आता नऊ वर्षं झाली होती, आणि मृणालिनीबाईंचं हसू कधीच आटलं होतं. मुलगी चारुता विमानानं जायच्या अंतरावर अ‍ॅशबर्नला, नातू नील पाच वर्षांचा, आणि आजी वर्षातून दोनदा पाहुणीसारखी जाऊन येणार. पक्षी टाकून दोघांना एकत्र जाता येत नव्हतं. हिवाळ्यात चार-चार दिवस ड्राइव्हवेच्या बाहेर पडता यायचं नाही. बाई दर वर्षी विषय काढायच्या आणि उल्हासराव दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलायचे. शेवटी या मार्चमध्ये चारुता आली असताना जेवणाच्या टेबलावर कडाक्याचं वाजलं. तेव्हा उल्हासरावांनी ताटावरून उठता उठता सांगून टाकलं, की यंदा एकही पिल्लू निघालं नाही तर पक्षी देऊन टाकतो, घर विकतो आणि अ‍ॅशबर्नला येतो. निघालं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

बोलले मोठ्या रुबाबात. बोलणारच, दहातली आठ निघत होती ना!

मेच्या सुरुवातीला नऊ अंडी वरच्या खोलीतल्या मशीनमध्ये गेली. जूनमध्ये एकही फुटलं नाही. उल्हासरावांना वाटलं, असतं एखादं वर्ष. दुसऱ्या घाण्याला आठ अंडी ठेवली. तीही गेली. आता मात्र त्यांची झोप उडाली. सतरा अंडी आणि एक पिल्लू नाही? त्यांनी मेलेली अंडी एकेक करून फोडली. आतलं पिल्लू किती वाढलंय यावरून ते कुठल्या दिवशी गेलं ते जाणत्याला कळतं. पहिल्या घाण्यातली सगळी चोविसाव्या दिवशी गेली होती, दुसऱ्यातली सगळी सव्विसाव्या. अख्खी वाढलेली पिल्लं, पंखांवर कोवळी पिसंसुद्धा आलेली. उल्हासराव ती हातात घेऊन बसले होते बिचारे.

मग त्यांच्यातला क्वालिटी इंजिनिअर जागा झाला. कारखान्यात ब्रेक फेल झाला की करायचे तसं त्यांनी मोठ्या कागदावर चार रकाने पाडले: माणूस, यंत्र, माल, पद्धत. प्रत्येकात संशयित लिहायचे आणि एकेक खोडत जायचं. यंत्राखाली फ्यूज, पंखा, थर्मामीटर. मालाखाली लांडोरींचं खाणं. पद्धतीखाली अंडी फिरवणं, पाण्याची वाटी. माणसाच्या रकान्यात एकच नाव लिहिलं, स्वतःचं. म्हातारा झालोय, हात थरथरतात, माझीच काहीतरी चूक होत असेल. घरात दोन माणसं राहतात हे त्या कागदावर लिहायचं त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडलेला माणूस हा!

तारखा मांडल्यावर एक गोष्ट दिसली. दोन्ही घाणे रविवारीच गेले होते. रविवारी काय होतं? रविवारी सकाळी ते ट्रॉयच्या देवळात मंडळाची मराठी लायब्ररी उघडायला जायचे, दहा ते एक. म्हणजे त्या वेळात विजेचं काहीतरी होत असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला. तिसरा घाणा, मोसमातला शेवटचा, सात अंडी. या वेळी त्यांनी मशीनमध्ये एक छोटा सेन्सर टाकला, आतलं तापमान फोनवर दाखवणारा. मृणालिनीबाईंना सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, या असल्या गोष्टी ऐकताना त्या जांभया द्यायच्या म्हणून.

पंचविसाव्या दिवशी रविवार आला. लायब्ररीत दोन आज्या दिवाळी अंक चाळत होत्या. साडेदहाला उल्हासरावांचा फोन थरथरला. शंभर. मग एकशे एक. एकशे तीन. हातातलं पुस्तक तसंच टाकून त्यांनी घरी फोन लावला. लपीर पन्नास मिनिटांवर, पोचेपर्यंत सगळं संपलं असतं. पण घरी बायको होती, नशीब!

"मृणाल, पटकन वर जा, मशीन तापतंय," ते म्हणाले.

त्या म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळलं?"

उल्हासराव म्हणाले, की सेन्सर आहे, फोनवर दिसतंय, तू आधी बटण दाब. बघते म्हणून त्यांनी फोन ठेवला. आकडा उतरायला लागला. एकशे दोन, शंभर, नव्याण्णव पॉइंट पाच. वाचली! उल्हासराव मटकन खुर्चीवर बसले. एका आजींनी विचारलं, काय झालं हो केळुसकर? ते म्हणाले, काही नाही, मृणालमुळे वाचली पिल्लं. आणि हे तोंडातून निघता निघता त्यांना तिचा प्रश्न पुन्हा ऐकू आला. काय झालं, किती तापलंय, असं काही विचारलं नव्हतं तिनं. कसं कळलं, असं विचारलं होतं.

आजींना पुस्तकांवर शिक्का मारून द्यायचाही राहिला. ते उठले, आणि लायब्ररीची किल्ली आजींच्याच हातात ठेवून गाडीकडं गेले.

घरी आले तेव्हा मृणालिनीबाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. पुढ्यात चहा गार झालेला. नाकारायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, एवढं तरी म्हणायला हवं. उल्हासराव उभेच राहिले. बसावंसं वाटेना.

"किती ठेवत होतीस?"

"एकशे नऊ. दोन तास. मग परत होतं तसं."

आणि मग त्या बोलल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, पिल्लं निघणारच हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तुम्ही तसं वचन दिलंत, मुलीसमोर. मी वर्षानुवर्षं विचारत होते आणि तुम्ही ते अंड्यांवर टाकलंत. मला काय पर्याय ठेवलात? एकटीनं मरायचं का या बर्फात? त्यातलं निम्मं खरं होतं, आणि उल्हासरावांना ते कळतही होतं. भांडली असती, चार दिवस बोलली नसती, बॅग घेऊन निघून गेली असती, तर त्यांनी समजून घेतलं असतं. पण ते कागद घेऊन रात्र रात्र जागत होते, स्वतःच्या थरथरत्या हातांना दोष देत होते, तेव्हा हीच बाई त्यांना दूध-हळद आणून देत होती. इतकं मनाला लावून घेऊ नका म्हणत होती.

त्यांना एकच विचारायचं होतं. विचारू नये हेही कळत होतं. पिल्लू अंड्यात असतानाच, फुटायच्या एक-दोन दिवस आधी, आतून चिवचिवायला लागतं.

"दुसऱ्या वेळी आतून आवाज येत होता का गं?"

मृणालिनीबाईंनी कप बाजूला सरकवला. म्हणाल्या, "येत होता. मी खाली येऊन मिक्सर लावला."

उल्हासराव वर गेले आणि मशीनपाशी जमिनीवर बसून ढसाढसा रडले. एकाहत्तर वर्षांचा माणूस. संध्याकाळी त्यांनी चारुताला फोन केला. तिला धक्का बसेल, आईवर चिडेल, निदान आपल्या बाजूनं दोन शब्द बोलेल असं त्यांना वाटलं होतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, आय टोल्ड हर टू जस्ट टॉक टू यू." म्हणजे पोरीला ठाऊक होतं. कधीपासून, हे त्यांनी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून कुलूप आणलं आणि वरच्या खोलीला लावलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात घरातल्या घरात पहिलं कुलूप. बुधवारी सातातली पाच अंडी फुटली. पाचही पिल्लं ठणठणीत, दुसऱ्या दिवशी बोटाच्या टकटकीवर चुरा टिपायला लागली. उल्हासराव शर्तीप्रमाणे जिंकले होते. लायब्ररीला त्यांनी तब्येतीचं कारण कळवलं. दुकानात गेले तरी अर्ध्या तासात परत यायचे. खिशातली किल्ली चाचपायची सवय लागली.

मृणालिनीबाईंनी चार दिवसांत तिकीट काढलं. दोन महिन्यांसाठी जातेय म्हणाल्या. दोघांनाही ठाऊक होतं तसं नाही. एअरपोर्टची टॅक्सी दारात आली तेव्हा उल्हासराव वर पिल्लांचं पाणी बदलत होते. बाई जिना चढून आल्या, प्रवासाचे कपडे घालून, पर्स खांद्याला. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही.

"एक हातात द्याल?" त्यांनी विचारलं. आणि पोरं करायची तशी ओंजळ केली.

उल्हासरावांनी एक पिल्लू उचललं. दोन पावलं पुढं गेलेही. द्यावंसं त्यांना मनापासून वाटत होतं, देवाशपथ वाटत होतं. पिल्लाचं काळीज त्यांच्या बोटांना धडधडताना लागत होतं. हात पुढं होईना.

"नको, मृणाल," ते म्हणाले.

त्या बरं म्हणाल्या, ओंजळ सोडली आणि कठडा धरून सावकाश जिना उतरल्या. बॅगेची चाकं खडीवरून गेल्याचं ऐकू आलं, मग टॅक्सीचं दार लागलं. उल्हासरावांनी पिल्लू दिव्याखाली ठेवलं. थोड्या वेळानं खाली स्वयंपाकघरात आले आणि किल्ली खिशातून काढून टेबलावर टाकली. आता ती कुणापासून जपायची?