तीर्थ प्यालेला कॉम्प्युटर

घरामागं कापसाच्या पऱ्हाट्या साचतात तसे किस्से साचतात. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही, पण बघावं तर हा ढीग! माझा ढीग नागनाथच्या सेंटरपुढच्या बाकड्यावर साचला. नागनाथ माझा लहानपणापासूनचा दोस्त. सातबारा, हयातीचा दाखला, गावाला जे लागतं ते त्याच्या कॉम्प्युटरवर निघतं. मी तिथं रोज बसतो. काम काही नसतं. काम असणाऱ्याजवळ किस्से कुठले?

*

खंडेनवमीला आमच्याकडं विळा, कुऱ्हाड, पाण्याची मोटार, सगळं पुजतात. नागनाथनं कॉम्प्युटर पुजला. हळद-कुंकू, भस्म, झेंडूचं फूल. इथवर ठीक. पण ह्या गड्यानं वरून ओंजळभर पाणी शिंपडलं! ते बरोबर मागच्या भोकात गेलं, जिथं नेटची वायर घुसते. तिथला हिरवा दिवा गेला तो गेलाच.

परभणीहून रफिक मेकॅनिक आला. वाकून बघितलं.

"चाचा, हितं पाणी कुठनं गेलं?"

"पाणी न्हाई ते, तीर्थ हाय!" नागनाथ चिडला.

"मशीनला फरक कळत न्हाई, चाचा."

रफिक म्हणला, हे भोक मेलं. आता आत वेगळं नेटवर्क कार्ड बसवायचं आन वायर त्याला जोडायची. घाई अशी की सोमवारी तपासणीला साहेब येणार होता. नेट बंद दिसलं तर सेंटर उचलून झरी गावाला देणार. मग आमी म्हाताऱ्यांनी जिवंत असल्याचं सांगायला एसटीनं झरीला जायचं! आमच्या रस्त्यानं तिथवर जिवंत पोचलो तर.

*

रफिकनं कॉम्प्युटरचा पत्रा उघडला. आत हरभरा!

भिंतीपलीकडं नागनाथच्या धाकट्या भावाचं, मन्मथचं भुसार दुकान आहे. उंदरानं तिथला माल इथं आणून साठवलेला. दोघं भाऊ पत्र्याच्या पन्हाळीवरून भांडले, तेव्हापासून कित्येक वर्षं बोलत नाहीत. पण नेट दोघांत एकच! नेटची डबी मन्मथकडं, तिथनं भिंतीच्या भोकातून वायर नागनाथकडं. बोलत होते तेव्हा घेतलेली. आता तोडायची तर आधी कुणीतरी बोलायला पाहिजे, म्हणून तशीच राहिली.

नागनाथ मूठभर हरभरा घेऊन भोकापाशी गेला. "सख्ख्या भावाला दाणा देत न्हाईत लोकं, उंदराला पोतं मोकळं!"

पलीकडनं मन्मथ गिऱ्हाइकाला म्हणला, "लोकं उंदरं पाळायलेत, आन नाव आमचं!"

*

रफिकनं आणलेलं कार्ड बसेना. ते नव्या मशीनचं, खाच आखूड. नागनाथचा कॉम्प्युटर जुना, खाच लांब. मी म्हणलं, "बैलगाडीला ट्रॅक्टरचं चाक लावायलास का?" बिचारा परत परभणीला गेला आन जुन्या मालातलं कार्ड हुडकून आणलं.

बसवायच्या आधी त्यानं मशीनच्या उघड्या लोखंडाला हात लावला. म्हणला, अंगात वीज असते, ती उतरवून मग कार्डाला हात लावायचा, न्हाईतर कार्ड जळतं. हे ऐकून बाकड्यावरचे सगळे म्हातारे उठले. कुणाला कार्डाला हात लावायचा नव्हता, पण वीज मात्र प्रत्येकाला उतरवायची होती!

नागनाथची बायको, गिरिजावहिनी, चहा घेऊन आली. आमची रांग बघून म्हणली, "आता कुठली राहिली वीज? निवांत बसा, चहा निवायलाय!"

*

कार्ड बसलं, पण कॉम्प्युटर त्याला वळख देईना. रफिक म्हणला, ह्या कार्डाचा एक प्रोग्राम टाकावा लागतो.

"मग टाक की," नागनाथ म्हणला.

"तो नेटवर मिळतो."

"आन नेट?"

"प्रोग्राम टाकल्यावर चालू होतं."

मी म्हणलं, "म्हणजे दोर हिरीत पडला, आन हिरीत उतरायला दोर पाहिजे!"

आमच्या गावात मोबाईलला रेंज फक्त पारावर. रफिक तिथं चढला, मोबाईलवर तो प्रोग्राम उतरवला आन मशीनमधे टाकला. पारावर हात वर करून तो इतका वेळ उभा होता की येणाऱ्या-जाणाऱ्या दोन बायांनी पाया पडून घेतलं!

*

मग शेवटचं काम. प्रत्येक कॉम्प्युटरला आपला नंबर द्यावा लागतो म्हणे, घर नंबर असतो तसा. रफिकनं विचारलं, "चाचा, शेवटचा आकडा काय देऊ?"

"एकशेएक! शकुनाचा."

दिवा हिरवा झाला. नेट चालू! वहिनीनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. साखर तोंडात विरघळायच्या आत नेट गेलं.

"त्यानं वायर उपटली!" नागनाथ गरजला.

पलीकडनंही आवाज, "आमच्या वायरीत कुणीतरी बोट घालायलंय!"

रफिक पलीकडं जाऊन बघून आला आन हसतच बसला. मन्मथनं त्याच्या कॉम्प्युटरला पाडव्याच्या मुहूर्तावर नंबर दिलेला. कोणता? एकशेएक! आमच्याकडं आहेरसुद्धा शंभराचा देत नाहीत, वर एक ठेवतातच.

"एका वायरीवर दोघांला एक नंबर चालत न्हाई," रफिक म्हणला. "एकानं एकशेदोन घ्या."

"मी थोरला हाय. मी खाली उतरू?"

पलीकडनं, "आधी आमी घेतलाय. आमी का सोडावं?"

रफिकनं दोघांलाही नंबर कसा बदलायचा ते शिकवलं, हात जोडले आन गेला. रविवारभर कुणी हललं नाही.

*

सोमवारी साहेब आला. मागोमाग रफिकही आला. नेट बंद. पलीकडं मन्मथचा कॉम्प्युटर एकशेएकवरच चालू होता ना!

साहेबानं बराच वेळ वाट बघितली. मग म्हणला, "काका, माझा नाइलाज आहे. सेंटर झरीला द्यावं लागेल."

नागनाथचं तोंड उतरलं. मी ओरडलो, "आरं गाढवा, सोड की तो आकडा!"

त्यानं बटणं दाबली, एकशेएक खोडलं, एकशेदोन टाकलं. आमी सगळे दिव्याकडं बघायलो. दिवा लागेना.

रफिक पळत पलीकडं गेला. परत आला तो डोकं धरूनच.

"साहेब, उन्होंने भी आत्ताच एकशेदोन टाकला!"

मग भिंतीच्या भोकातून आवाज आला, "दादा, तुमी कशाला सोडलं?"

नागनाथ भोकापाशी गेला. "तू कशाला सोडलंस?"

"झरीला जाईल म्हणले म्हणून."

"घे परत तुझा नंबर."

"न्हाई दादा, तुमी घ्या. तुमी थोरले."

"आरं तू घे म्हणलं ना!"

"मी घेणार न्हाई!"

आवाज चढायला लागले. साहेबानं खुर्ची ओढली, नागनाथला बाजूला सारलं आन स्वतःच्या बोटानं एकशेएक टाकलं. दिवा हिरवा झाला. साहेबानं सेंटर चालू असल्याचं लिहिलं, बॅग उचलली आन दारात माझ्याजवळ थांबला.

"आबा, हे दोघं पुन्हा एकमेकांसाठी काही सोडायला लागले, तर मला आधी फोन करा!"