एकोणीसला थांबायचं

दिल्लीत मराठी ही आमची खासगी भाषा होती. भाजीवाल्यासमोर उभं राहून "आतून किडकी आहेत, नको घेऊ" असं खुशाल मोठ्यानं म्हणायचं. साडीच्या दुकानात ह्यांनी मला दटावायचं, "आवडली असं चेहऱ्यावर दाखवू नकोस," आणि दुकानदारानं मख्खपणे आमच्याकडे बघत राहायचं. आमच्या ह्यांना या युक्तीचा फार अभिमान होता. केंद्र सरकारच्या नोकरीत उभा जन्म दिल्लीत गेला, हिंदी लोण्यासारखी बोलायचे, पण पैशाची गोष्ट आली की मराठी. ऑटोवाल्यादेखत त्याच्याच भाड्यावर आमची साग्रसंगीत चर्चा चालायची. मला लाज वाटायची, पण सोयीचं होतं.

ह्यांची निवृत्ती जवळ आली तसा घराचा प्रश्न गळ्याशी आला. क्वार्टर सोडावं लागणार होतं. आम्ही पाच क्वार्टरं बदलली, आणि एकालाही मी कधी घर म्हटलं नाही. भिंतीला खिळा ठोकायचा तरी मनात यायचं, कशाला, उद्या दुसऱ्या कुणाची होणार आहे. नवीन फ्लॅटच्या किमती ऐकून आम्ही गुपचूप घरी यायचो. आयुष्यभर हे म्हणत आले होते, "निवृत्त झाल्यावर बघू," आणि आता बघण्याची वेळ आली तर बघण्याजोगं काही परवडत नव्हतं. मला त्यांचा राग यायचा. रात्री कूस बदलली की ते जागे आहेत हे कळायचं, मग राग गिळून टाकायची.

अशात गाझियाबादच्या एका फ्लॅटची जाहिरात पेपरात आली. कर्ज थकलं म्हणून बँकेनं जप्त केलेला, लिलावात निघालेला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि पूर्वेला एवढीशी बाल्कनी. बँकेच्या माणसानं सील काढून दाखवला. ओट्यावर कुकरची शिट्टी तेवढी राहून गेली होती. ती बघून मला कसंतरी झालं. ज्या बाईची ती शिट्टी, ती आता कुठं डाळ शिजवत असेल? मी ह्यांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "आपण नाही घेतलं म्हणून तिला ते परत मिळणार आहे का?" बरोबरच होतं. तरी दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मी त्या बाल्कनीत तुळस कुठं ठेवायची ते ठरवून मोकळी झाले. माणूस किती लवकर निर्लज्ज होतो.

त्यानंतर बँकेच्या माणसाला गळ घालून हे एकटेच तिथं चार-पाच वेळा जाऊन आले. काय बघून यायचे ते सांगत नसत. पण इतक्या वर्षांत प्रथमच ते "आपलं घर" असं म्हणाले आणि मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

लिलाव बँकेच्याच शाखेत, वरच्या मजल्यावर होता. डिसेंबरची थंडी, बाहेर धुकं. बोली लावणारे सहा-सातजण होते. आमच्या मागच्या खुर्चीवर मफलर गुंडाळलेले, ताठ पाठीचे एक गृहस्थ येऊन बसले. येताना त्यांनी शिपायाला विचारलं, "भाई, नीलामी इसी कमरे में है ना?" बस, एवढाच त्यांचा आवाज ऐकला.

हे घाबरले होते. घाबरले की त्यांचा आवाज चढतो. बोली सुरू होण्याआधी मला म्हणाले, "हे बघ, एकोणीसला थांबायचं. त्यापुढं गेलं तर तुझ्या औषधपाण्याला काही उरायचं नाही. मी भरात आलो तर माझा हात खाली ओढ."

"हळू बोला," मी म्हटलं.

"अगं, इथं कोणाला कळतंय!"

सुरुवातीला सगळेच हात वर करत होते. सतरा लाखांच्या पुढं गेल्यावर दोघंतिघं गळाले. एक दलाल साडेसतरापर्यंत टिकला आणि मान हलवून बाहेर गेला. मग अठराला आम्ही आणि मफलरवाले, दोघंच उरलो. ते मध्येच उठून दारापाशी गेले, कुणाला तरी फोन केला, आणि परत येऊन बसले. सव्वाअठरा, साडेअठरा, पावणेएकोणीस. ह्यांनी एकोणीसला हात वर केला तेव्हा मी माझा हात त्यांच्या कोपराशी नेऊन ठेवला. बँकेचा साहेब म्हणाला, "उन्नीस. और कोई?"

"सवा उन्नीस," मागून आवाज आला.

ह्यांचा हात वर जाऊ लागला. मी तो खाली ओढला. त्यांनीच सांगितलं होतं तसं.

नंतर जिन्यात ते गृहस्थ आमच्यासाठी थांबले होते. मफलर हातात होता. म्हणाले, "साहेब, राम राम. मी साताऱ्याकडचा. फौजेतनं निवृत्त झालो, मुलगी हितंच कॉलेजात हाय म्हणून ऱ्हायलो."

मीच विचारलं, "म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं?"

"कळत होतं, ताई. खोटं कशाला बोलू? मी अठरालाच उठणार होतो. किती वर जाईल याचा भरवसा न्हवता. तुम्ही एकोणीसला थांबणार हे कानावर आलं, म्हणून मेव्हण्याला फोन लावून वरचे उसने मागितले."

"मग आधीच का नाही बोललात आमच्याशी?"

त्यांनी खाली बघितलं. "बोललो असतो तर आपली ओळख झाली असती, ताई. मग मला हात वर करता आला नसता."

मला वाटलं, आता हे काहीतरी तोडून बोलतील. मला तर तेच हवं होतं. पण हे कठड्याला धरून म्हणाले, "आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आहे. गच्चीच्या पाइपातून झिरपतंय, वरून दिसत नाही. रंग देण्याआधी तेवढं करून घ्या. आणि बाल्कनीचं दार पावसात फुगत असणार, खालून थोडं तासून घ्या. सकाळचं ऊन छान येतं."

ते गृहस्थ मान डोलवत सगळं लक्षपूर्वक ऐकत होते. हे सांगतच राहिले, कुठल्या नळाला पाणी आधी येतं, खाली दूध कुठं मिळतं. मी ह्यांची बाही ओढली, पण हे थांबेनात.