आधी नंबर सांग

कुणी नवं घर घेतलं म्हणून पेढे घेऊन आलं, की आमचे वडपे गावातले शेजारी गजाननकाका पेढा हातातच धरून ठेवत. "घर ऱ्हाऊ दे. आधी नंबर सांग!" नंबर कागदांवर पडताळला, तरच पेढा तोंडात.

या खोडीमागे दुखणं होतं. त्यांच्या वडिलांनी हायवेलगतचा तुकडा घेतला, बांधावरून फिरून पाहिला, नारळ फोडला. खरेदीखतावर मात्र हिस्सा नंबर पडला मागच्या खडकाळ तुकड्याचा. पाहिलेल्या जमिनीवर पुढे दुसऱ्याचं गोडाऊन उभं राहिलं. "पाय एका जमिनीवर, अंगठा दुसरीवर," काका म्हणत.

मी तेव्हा नवऱ्याच्या नोकरीपायी स्पेनमध्ये राहत होते आणि सुट्टीला गावी आले होते. तिथे तिसऱ्या मजल्यावरचं घर ठरलं होतं, सुट्टी संपवून गेले की सही. मी ऐटीत पेढा दिला. "तिथं सगळं कॉम्प्युटरवर असतं काका!"

"मंग घरपट्टीची पावती काढ."

तिथल्या प्रत्येक घराला वीस अक्षरं-आकड्यांचा सरकारी नंबर असतो. काकांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं. करार आणि घर विकणाऱ्याची घरपट्टीची पावती शेजारी ठेवून ते काडेपेटीची काडी सरकवत नुसते आकार जुळवत बसले. मी मनात चरफडत होते.

"चौदापर्यंत जुळतंय. पुढं न्हाय."

"इमारत तीच आहे ना पण!"

"आमचाबी सर्व्हे नंबर त्योच होता, गो पोरी. हिस्सा येगला." त्यांनी पेढा परत खोक्यात ठेवला.

मी तिथल्या भूमापन कार्यालयात फोनवर चौकशी केली. पहिले चौदा जागेचे, पुढचे चार इमारतीतल्या नेमक्या घराचे, शेवटचे दोन नुसते पडताळणीचे. करारातले चार तळघरातल्या अडगळीच्या खोलीचे होते! दलाल फोनवर म्हणाला, टायपिंगची चूक, सही करा, नंतर बदलू.

"नंतर म्हंजे कंदी?" काका कडाडले. "माझा बा बी नंतर-नंतर करतच गेला."

नवरा चिडला, दलालाने दुसरं गिऱ्हाईक असल्याची धमकी दिली. "खुशाल द्या त्याला," मी म्हटलं. नंबर बदलल्याशिवाय पेनाला हात लावणार नव्हते, आणि लावला नाही. आठ दिवसांत दुरुस्त करार आला.

काकांना घराचा फोटो पाठवला. त्यांच्या हुकमाप्रमाणे मागे नंबर आणि सोबत पावतीची प्रत. पुढच्या सुट्टीत मी पेढे घेऊन आले, तेव्हा काका हयात नव्हते. मी फार रडले. त्यांच्या सुनेने सातबाऱ्यांच्या पेटीतून तो फोटो काढून दिला. मागे वीसच्या वीस अक्षर-आकड्यांखाली पेन्सिलीच्या खुणा होत्या. खाली लिहिलं होतं, 'पेढा खाल्ला.'