मागच्या सीटवरचा तास

दर शनिवारी दुपारी माझी मुलगी अंगणातल्या आमच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसायची, काचा वर करायची आणि मोबाइलवर पुण्याच्या एका समुपदेशक बाईंशी बोलायची. ती त्यांना ताई म्हणे. मंचरच्या आमच्या घरात दिवसा दार लावून बसायची रीत नाही. दार लागलं की आत कुणी आजारी आहे किंवा भांडण झालं आहे असं समजून शेजारी चौकशीला येतात. गाडीत बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

मुलगी पंधरा वर्षांची. नवव्या वर्षी तिला मधुमेह झाला, लहान मुलांना होतो तो. जेवणाआधी इन्सुलिन घ्यावंच लागतं. पहिलं इंजेक्शन मी दिलं. बोटाला सुई टोचून साखर बघणं, भाकरी किती आणि औषध किती याचा मेळ घालणं, हे घरात माझ्याकडे असे. दहावीच्या वर्षात ती गप्प झाली. डोस चुकवू लागली आणि एकदा तिला बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा नुसता साखरेचा प्रश्न नाही, नैराश्य आहे; अशा मुलांत ते दिसतं, आणि त्यावर उपचारही आहेत. जवळपास त्यातलं माणूस नव्हतं, म्हणून मोबाइलवरून ताई आल्या.

मी तालुक्याच्या बातम्या लिहितो. बाजार समितीपासून बिबट्यापर्यंत कुठली माहिती कुणाकडून काढायची हे मला कळतं. गाडीच्या काचेमागे मात्र मला फक्त तिचे हलणारे ओठ दिसत. सुरुवातीचे काही शनिवार ती रडली. ते पाहवत नव्हतं, पण समजू शकत होतं. मग एका शनिवारी ती हसली. डोकं मागे टाकून, पूर्वी हसायची तशी. मी ओट्यावर पेपर धरून बसलो होतो. त्या हसण्याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला ताईंचा हेवा वाटला, आणि तो वाढतच गेला. घरी आम्ही तिला लाडाच्या नावाने हाक मारतो. फोन लागताच, ती काचा वर करायच्या आत, ताई पूर्ण नावाने हाक मारत आणि त्या नावाला ती लगेच ओ देई. आमच्या हाकेला ती उशिरा ओ द्यायची.

मध्यंतरी ताईंनी आम्हा दोघांना, तिच्या आईला आणि मला, एकदा स्क्रीनवर बोलावलं. त्यांच्या मागे एक कुंडी होती. मुलगी काय बोलते ते मी आडवळणाने विचारलं. त्या म्हणाल्या, ते तिचं आहे, तिला वाटेल तेव्हा ती सांगेल; जिवाला धोका दिसला तर मात्र मी स्वतः तुम्हाला फोन करीन. मग म्हणाल्या, शाळेतून आल्यावर पहिला प्रश्न साखरेचा नको. आकडा म्हणजे मार्क नाहीत. तिच्या आईने मान डोलावली. "साखर किती?" एवढंच तर आमच्यात बोलणं उरलं होतं. तेही या बाईंनी काढून घेतलं.

दिवाळीनंतर जुन्नरपलीकडे मढला तिच्या मावशीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पाहुण्यांत मुलीचा आजार कुणाला सांगायचा नाही, असं आमच्याकडे ठरलेलं. उद्या सोयरीक जुळवताना आडवं येईल, ही धास्ती. म्हणून कुणी गोडाचा आग्रह केला की "तिला गोड आवडत नाही" हे आम्ही ठरावीक सुरात सांगायचो, आणि ती पेन घेऊन न्हाणीघरात जायची. इन्सुलिनच्या इंजेक्शनला पेन म्हणतात. दिसतंही पेनासारखंच.

पंगत बसली. मासवडी आली, रस्सा आला, मग बुंदी. वाढणारी आत्या, म्हणजे मावशीची नणंद, थांबली. "घे की गं पोरी, लई वाळली. परसाद हाय."

तिच्या आईने ठरलेलं वाक्य सुरू केलं. ते पुरं व्हायच्या आत मुलगी म्हणाली, "आवडते मला बुंदी. मला डायबेटिस आहे आत्या. आधी इंजेक्शन घेते, मग खाते."

तिने पिशवीतून पेन काढलं, आकडा फिरवला, बाही वर केली आणि सगळ्यांसमोर दंडात सुई टोचली. समोर बसलेले एक म्हातारे पाहुणे वाकून बघत म्हणाले, "शाई भरती व्हय गं?"

"हां आबा. आता पेपर लिवते."

म्हातारे हसले, मग बाकीचे. आत्याने वाटीत बुंदी घातली आणि पुढच्या पानाकडे गेली. कुणाच्या मनात काय आलं ते नंतर फोनांवरून कळलंच. पण त्या वेळी मी तिच्या वाक्याकडे बघत होतो. ते सरळ होतं, घडवलेलं होतं, आमच्या घरातलं नव्हतं. कितीतरी शनिवारी ते गाडीत म्हणून पाहिलं असणार. मुलगी भरल्या पंगतीत ताठ बसली होती आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं की हे ताईंना आधीपासून माहीत होतं.

परतताना ती पुढे माझ्या शेजारी बसली. तिची आई मागे झोपली होती. जुन्नर सोडल्यावर ती आपणहून बोलली. "पप्पा, मी डोस का चुकवायचे माहितीये? शाळेत काय, पाहुण्यांत काय, दर वेळी कुठेतरी जाऊन लपायचं. मग वाटायचं, नकोच जेवण आणि नकोच ते."

मी विचारलं, ताईंना हे ठाऊक आहे का.

"पहिल्या महिन्यातच सांगितलं."

आणि मला आता. नारायणगावच्या गर्दीतून गाडी बाहेर काढेपर्यंत मी तेच मनात धरून होतो.

कळंबच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत थांबलो. तिने बोट टोचून साखर पाहिली. यंत्राचा उजेड तिच्या हनुवटीवर पडला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी विचारणार नाही याची जणू खात्री करून घेत होती. "थोडी जास्त आहे," ती म्हणाली. "बुंदी दोनदा घेतली."

"कशी होती?"

"पाक कच्चा होता," ती म्हणाली. मग आत्या, म्हातारे आबा, पंगतीत कोण कुणाकडे बघत होतं, असं सगळं सांगत सुटली. रांग हलली तरी थांबली नाही. शनिवार यायला अजून बरेच दिवस होते. ताईंना यातलं काहीच माहीत नव्हतं.