गुडघाभर पाणी

"गुडघाभर," रफिक म्हणाला आणि वाकून स्वतःचा गुडघा दाखवला. "त्याच्या वर पाणी नाय येत, मॅडम."

मी तुडीलच्या पुढे, सावित्री नदीच्या काठच्या एका वाडीत उभी होते. वाडीचं नाव सांगत नाही, कारण तिथे मला पुन्हा काम मागायला जायचंय. समोर मोकळा प्लॉट, पलीकडे नदी, आणि माझ्या हातात एका बंगल्याचा प्लॅन. मी महाडमध्ये सिव्हिल इंजिनिअर आहे. लोकांची घरं डिझाइन करते आणि उभीही करून देते. या धंद्यात पडल्यापासून कुणाच्या शब्दावर विसंबायची सवय सुटलीय. माझा नवरा म्हणतो, तू औषधाची गोळीसुद्धा उजेडात धरून बघतेस. बघते. काय बिघडलं?

हा प्लॅन खरं तर या जागेचा नव्हताच. माझा क्लायंट इम्रान दुबईत असतो. त्याने अलिबागकडे एका व्हिला स्कीममध्ये प्लॉट बघून ठेवला होता. समोर समुद्र, मागे स्विमिंग पूल, गेटवर वॉचमन. हॉलला काचेची अख्खी भिंत. मी महिनाभर खपून ड्रॉइंग केलं आणि एक दिवस त्याचा फोन आला.

"मॅडम, प्लॅन तोच ठेवा. जागा बदललीय. अब्बा ऐकत नाहीत. त्यांना गावातच राहायचंय."

त्याचे अब्बा म्हणजे युसुफचाचा. पक्षाघाताने त्यांची एक बाजू गेलेली, व्हीलचेअरशिवाय हलता येत नाही. तेव्हा ते महाडमध्ये मुलीकडे राहत होते. घर त्यांच्यासाठीच होतं, म्हणून इम्रानची एकच अट होती: पायरी नको. गाडीतून उतरवलं की खुर्ची थेट बेडरूमपर्यंत गेली पाहिजे.

इथे जरा आमच्या धंद्यातलं सांगते. अंगणापेक्षा घराची जमीन जितकी उंच ठेवतो, तिला आम्ही प्लिंथ म्हणतो. घरी आपण जोतं म्हणतो तेच. व्हीलचेअरला प्लिंथ जितकी कमी तितकी बरी, आणि नदीकाठी जितकी जास्त तितकी बरी. म्हणजे सगळं एका प्रश्नावर अडलं होतं: इथे पुराचं पाणी कुठवर येतं? उत्तर चुकलं, तर ज्याला स्वतःहून उठताही येत नाही असा माणूस खालच्या खोलीत पडलेला असणार आणि नदी दारातून आत येणार.

म्हणून मी विचारत फिरले. दुकानदार म्हणाला, गुडघाभर. मशिदीच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याने सांगितलं, गुडघाभर. जाळं विणणाऱ्याने तर मान वर न करताच तेच सांगितलं.

मला तिथेच खटकलं. अहो, मी महाडची आहे! आमच्याकडे पुराचं पाणी कुणी कमी करून सांगत नाही. एकाने सांगितलं पंखा बुडाला, की दुसरा म्हणणार, पंख्याचं काय घेऊन बसलात, आमचा स्लॅब बुडाला. आमच्या सोसायटीत कोणाकडे जास्त पाणी होतं यावरून दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद आहे. आणि इथे ऐन नदीच्या तोंडावर राहणारी माणसं गुडघ्यावर समाधान मानतात? छे. शक्यच नाही.

पहिला संशय अर्थातच रफिकवर. तो इम्रानचा चुलतभाऊ, प्लॉटची देखरेख त्याच्याकडे. मी सरळ विचारलं, "हा प्लॉट विकत घेऊन कुणी दिला? तुम्ही?"

"विकत?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "चाचांच्या बापजाद्यांची जागा हाय ती. जुनं घर व्हतं इथं, पडलं. मी कशाला विकतोय?"

म्हणजे कमिशनची भानगड नव्हती. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी उलट जास्तच बेचैन झाले. खोटं बोलण्यात ज्याचा फायदा नाही, तो खोटं का बोलतोय?

"चला, चहा घ्या," म्हणून तो मला शेजारीच असलेल्या त्याच्या घरी घेऊन गेला. उन्हाने जीव नकोसा झाला होता. रफिकने आत आवाज दिला, "पंखा लाव गो, मॅडम आल्यात."

त्याची बायको हमीदाभाभी बाहेर आली. तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर चढली, टाचा उंचावल्या आणि छताला लागून असलेलं बटण दाबलं. मग उतरली, स्टूल जागेवर ठेवलं आणि चहा ठेवायला गेली, जणू सगळ्या जगात पंखा असाच लावतात.

मी मान वर करून घरभर बघितलं. एकूण एक बटण छताजवळ. फ्रिज सिमेंटच्या ओट्यावर चढवलेला. येताना पाहिलेला लाइटचा मीटर आठवला, तोही पार वळचणीखाली होता.

चहा आला तेव्हा मी विचारलं, "भाभी, बटणं इतकी वर का हो?"

"पोरं हात लावतात ना," ती म्हणाली.

"कुठायत पोरं?"

"सौदीला. दोघंपण."

रफिकने कपात तोंड खुपसलं. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले. क्लायंट टाइल्सच्या बाबतीत थापा मारायला लागले की मी हेच करते. भाभीला ते झेपलं नाही.

"सांगून टाका ओ!" ती नवऱ्यावर उखडली. "मला नाय जमत असलं. पंखा लावायला सांगता आणि वर खोटं बोलाया लावता!"

मग रफिकने सांगितलं. चाचांनी महाडहून सगळ्या वाडीला फोन केले होते. इंजिनिअरीण येईल, पाण्याचं विचारेल, सगळ्यांनी गुडघाभरच सांगायचं. आणि अख्ख्या वाडीने चाचांचा शब्द पाळला होता.

मी तशीच महाडला चाचांच्या मुलीच्या फ्लॅटवर गेले. चाचा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मी संतापले होते. "चाचा, तुम्ही मला फसवलंत," मी म्हटलं. "माझ्या हातून तुमचाच जीव गेला असता!"

ते शांतपणे म्हणाले, "बसा. खरं सांगितलं असतं तर इम्रान मला तिकडं समुद्रावर नेऊन ठेवता. तिकडं कोण हाय माझा? सकाळी उठून सलाम कुणाला करू, वॉचमनला? काचेतून समुद्र बघत बसायचा आणि मरायचं. पाणी आलं तर आलं. तुमचं काय जातंय?"

"माझं लायसन्स जातंय," मी म्हटलं. पण आवाज म्हणावा तसा चढला नाही. आणि त्याचा मला आणखीच राग आला. फसवणारा माणूस निदान वाईट तरी असावा.

मी विचारलं, "आता खरं सांगा. पाणी कुठवर येतं?"

म्हाताऱ्याचे डोळे एकदम चमकले. "अहो वळचणीला लागलं व्हतं! महाडवाले काय सांगतात पंखे न् बिंखे. आमची होडी मशिदीच्या भिंतीवरून गेली!"

"हेच आता इम्रानला सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगणार."

चाचांनी मुलीला फोन लावायला सांगितलं.

सगळं ऐकल्यावर इम्रान भडकला. "बस झालं, अब्बा. अलिबागच फायनल."

चाचांनी फोन माझ्या हातात दिला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मी ठरवून काही बोलले नाही, तोंडून निघून गेलं. "इम्रान, घर वर उचलता येतं. खाली नुसते कॉलम आणि पार्किंग, राहायचं सगळं वर."

"आणि अब्बा वर कसे जाणार? लिफ्ट लावायची?"

"पूर आला की पहिली लाइट जाते. रॅम्प करू."

रॅम्प म्हणजे उतरता रस्ता. व्हीलचेअरसाठी तो अगदी हलक्या चढाचा लागतो. एक फूट वर जायचं तर बारा फूट लांबी. इथे चढायचं होतं वळचणीच्याही वर. मी रॅम्प घराच्या चारी बाजूंनी गुंडाळला. त्यात काचेची भिंत अर्धी गेली आणि स्विमिंग पूल पूर्ण गेला. ड्रॉइंग बघून इम्रान म्हणाला, "हे घर आहे की घाट?" पण त्याने सही केली. मीही एक अट घातली: पुराचा इशारा आला की चाचांनी मुकाट्याने महाडला मुलीकडे यायचं. चाचांनी कबूल केलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

चाचा राहायला गेले त्याच पावसाळ्यात नदी चढली. वळचणीपर्यंत नाही, पण वाडीतल्या घरांत कमरेएवढं पाणी शिरलं. रस्ता बंद व्हायच्या आधी मी फोन केला. "चाचा, निघालात ना?"

मागून बकऱ्यांचा आवाज येत होता. कोंबड्या होत्या, कोणाचं तरी तान्हं बाळ रडत होतं, आणि हमीदाभाभी कुणाला तरी सांगत होती की मिक्सर ओला झाला नाय ना बघ. माझ्या रॅम्पवरून अख्खी वाडी वर आली होती.

"मॅडम, मी कसा निघू?" चाचा म्हणाले. आवाजात आनंद मावत नव्हता. "घरात पाव्हणे हायत."

पाणी ओसरल्यावर इम्रानचा फोन आला. इटालियन टाइल्सवर बकऱ्यांनी घाण केलीय, डाग कशाने निघतील, विचारत होता. मी सांगितलं, निघणार नाहीत.

तेव्हापासून प्लॅन काढण्याआधी, घरात जो खरोखर राहणार आहे त्याला मी एकटं गाठते, मुलांना बाहेर बसवून. आणि त्याच्यावरही अर्धाच विश्वास ठेवते.