कवळीकाकांची मधली रेघ

त्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात कवळीकाकांचे दात होते, आणि त्यातला एकही दात काकांना पसंत नव्हता.

दातांच्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवायच्या आणि जिन्याखालच्या खोलीत दिव्यासमोर बसून काका त्यावरून कवळी बनवायचे. आधी मेणात दात बसवायचे, ते माणसाच्या तोंडात घालून बघायचं, आणि सगळं जमलं की मेणाच्या जागी गुलाबी प्लॅस्टिक भरून ते उकळत्या पाण्यात पक्कं करायचं. मामाच्या हाताखाली शिकलेलं काम. लोकांनी तोंडात बोटं घालावीत इतकं सुबक, आणि त्या बोटांना लागणारे दातही बहुतेक काकांचेच.

पण काकांशी बोलणं म्हणजे शिक्षा होती. समोरचा माणूस सांगत असायचा, "काका, तुमच्यामुळे सफरचंद चावून खातो हो!" आणि काका म्हणायचे, "जरा उजेडाकडे वळा बघू." मग मान हलवून, "घासायला हवा होता अजून," असं पुटपुटत निघून जायचे. कौतुक त्यांच्या अंगाला लागायचंच नाही. एकदा एका मयताला गेले होते. गेलेल्या माणसाचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. काका वाकून बघतात तर काय, डावा सुळा थोडा पुढे! आता तो दुरुस्त करायची सोय नाही म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरच्यांना वाटलं, केवढा जीव होता यांचा.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण मग काकूंचे दात गेले.

काकू म्हणजे नवऱ्याच्या अगदी उलट. त्यांचं हसणं आधी जिन्यात ऐकू यायचं आणि मागून काकू. काकांनी आयुष्यात स्वतः जेवढे विनोद केले असतील ते एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते, पण त्या हसण्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. हिरड्यांच्या दुखण्याने काकूंचा एकेक दात हलायला लागला, शेवटी डॉक्टरीणबाईंनी सगळेच काढले. हिरड्या भरून येईपर्यंत काकू पातळ, मऊ काहीतरी गिळायच्या आणि गप्प बसायच्या. घर कसं खायला उठायचं.

काकांनी जीव ओतून कवळी केली. डॉक्टरीणबाईंनी ती बसवली, काकूंनी आरसा हातात घेतला, आणि अशा हसल्या की बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावले.

"अहो, लग्नातसुद्धा मी एवढी बरी दिसत नव्हते!"

"काका, आजवरचं तुमचं सगळ्यात सुंदर काम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काका मात्र वाकून दातांकडेच बघत होते. वरच्या पुढच्या दोन दातांमधली रेघ नाकाच्या बरोबर खाली यायला हवी. मेणात ती आली होती. पक्कं करताना सरकली होती.

"केसभर डावीकडे गेलीय," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. "मला नाही दिसत."

"मला दात दिसतायत," काकू म्हणाल्या. "बस झालं की!"

पण बस कसलं होतंय? काकांनी कवळी परत घेतली. काकू पुन्हा पातळ खाण्यावर. दुसरी कवळी आली, तिची रेघ सरळ, पण ओठ फुगल्यासारखा वाटायला लागला. काकूंना तो वाटत नव्हता, काकांना वाटत होता. तिसरी बोचायची. शेवटी काकूंनीच हात जोडले. "माझी पहिली द्या मला. ती माझ्या तोंडाला लागलीय. आणि आता तिला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," काका म्हणाले. हाताने शब्द पाळला. डोळ्यांनी कसा पाळायचा?

काकू जेवताना काहीतरी रंगवून सांगायच्या, आणि ऐन रंगात आल्या की काकांची नजर त्यांच्या डोळ्यांवरून घसरून खाली यायची. नाक, मग रेघ. केसभर डावीकडे. काकू अडखळायच्या. कुठवर सांगितलं होतं तेच विसरायच्या. एक दिवस त्यांनी ताट बाजूला सारलं.

"अख्खी गल्ली माझ्याकडे बघते. तुम्ही तेवढे माझ्या दातांकडे बघता. मी काय तुमचं बिघडलेलं काम आहे?"

काकांना ते लागलं. कारण ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मान वर न करता जेवायचं ठरवलं. त्याचा अर्थ काकूंनी असा घेतला की आता यांना माझं तोंडही बघवत नाही. बघावं तरी चूक, न बघावं तरी चूक. काका हात टेकून बसले. काकू घरात ओठ मिटून बोलायला लागल्या, आणि भिंतीपलीकडे शेजारणीकडे गेल्या की पहिल्यासारख्या खदखदून हसायच्या. काका भिंतीशी खुर्ची ओढून ते ऐकत बसायचे.

मग एका संध्याकाळी काकू आतून आल्या आणि आपण होऊन काकांच्या शेजारी बसल्या.

"अहो, आज काय गंमत झाली! कोपऱ्यावरचा दुकानदार नाही का, तो एवढ्या मोठ्याने शिंकला, की कवळी उडून थेट तराजूत! आणि समोरची बाई काय म्हणते, 'एवढं वजन कमी करा हं भाऊ!'"

"वरची की खालची?" काकांनी काळजीने विचारलं.

त्यावर काकू जोरात हसल्या. तोंड सताड उघडं, आणि तोंडाचं नुसतं बोळकं. आत एकही दात नाही. काकांनाही हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी दोघं एकमेकांकडे बघून हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आणि हसता हसता काका थांबले. दुपारी हेच हसणं भिंतीपलीकडून आलं होतं, हाच किस्सा. तिथे दातांसकट सांगितला होता. त्यांच्यापुढे येण्याआधी काकूंनी दात काढून ठेवले होते.

ते उठले. मोरीजवळच्या कपातली कवळी त्यांनी धुतली आणि कपासकट आणून काकूंपुढे धरली.

"घाल ना."

"कशाला? परत बघत बसाल."

"नाही बघणार. तुझी शपथ."

काकूंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि दात बसवले. मग हसल्या. आधी जरा बिचकत, मग मोकळं. सगळा चेहरा भरून आला, गाल वर चढले. गल्लीला रोज दिसणारी ती बाई काकांच्या समोर बसली होती. काकांनी त्यांच्या डोळ्यांत डोळे घातले. तिथेच ठेवायचे, हलू द्यायचे नाहीत, असं स्वतःला बजावलं. त्यांचा जबडा आवळला गेला, कपाळावर घाम आला.

आणि नजर खाली गेली. क्षणभरच गेली, लगेच वर आली.

काकूंनी ते पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी ओठ मिटले आणि काकांच्या गुडघ्यावर थोपटलं.

"राहू द्या. तुमच्याच्याने नाही व्हायचं ते."

दात काढून त्यांनी कपात ठेवले, कप काकांना दिसणार नाही असा खुर्चीमागे सरकवला, आणि दुकानदाराची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.