आबांच्या गाडीखालचा पुठ्ठा

गॅरेजमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत. गाडी दुरुस्त होईपर्यंत माणूस बोलत बसतो, आणि आमच्या शेषराव आबांची गाडी तर दुरुस्तच होत नव्हती! वडीगोद्रीला हायवेवर मिलिंद मिस्त्रीचं गॅरेज, त्याला लागून माझं टायरचं दुकान. त्यामुळे हे सगळं मला बसल्या जागी मिळालं.

गाडी म्हणजे जुनी डिझेल व्हॅन. आबांनी तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, अगदी देवाचा फोटोसुद्धा बसवला होता.

मी विचारलं, "आबा, काय चारधामला निघाले का?"

"न्हाई, कोल्हापूरला. रेखाकडं."

रेखा ही त्यांची एकुलती एक लेक, तिकडे दिलेली.

"मंग एसटीनं जा की! एवढा खर्चा कशापायी?"

"आन् राहू कुठं? लेकीच्या घरी मुक्काम माझ्या बापानं केला न्हाई, मी बी करणार न्हाई. तिच्या दारात गाडी लावीन आन् माझ्या घरात झोपीन!"

लग्नानंतर ते तिच्याकडे एकदाच गेले होते, तेही संध्याकाळच्या गाडीनं परत. "जीव भरला न्हाई रे," असं आबा उघड बोलून दाखवायचे.

*

निघायच्या दिवशी गाडीखाली ऑइलचं तळं! मिलिंदनं वरच्या कव्हरचं पॅकिंग बदललं, तर खालच्या चेंबरमधून गळायला लागलं. चेंबरचं पॅकिंग बदललं, तर मागच्या सीलमधून.

"एकीकडं बुजवलं की दुसरीकडून गळून राह्यलंय!" मिलिंद वैतागला. मग त्यानं नियम केला. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकायचा आणि सकाळी त्याचा फोटो त्याला पाठवायचा. थेंब कुठे पडला त्यावरून गळती कुठे आहे ते कळतं.

आबा इमानेइतबारे फोटो पाठवत. एकदा चुकून तो घरच्या ग्रुपवर गेला. रेखाचं लगेच उत्तर आलं, "म्हणजे आज बी न्हाई का, आबा?"

आबांनी तो मोबाईल दिवसभर खिशातून काढला नाही.

*

मिलिंद म्हणाला, "इंजिन धुऊन त्याच्यावर पावडर मारा. जिथं ओलं होईल तिथं गळती."

घरात पावडर नव्हती. आबांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, चाळणीनं रांगोळी चाळली, आणि हात शिवशिवले म्हणून वर हळदीकुंकू पण वाहिलं!

मिलिंदनं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. "काकू, आता गळती शोधू का आरती करू?"

*

एकदा मात्र निघालेच. काकूंनी रेखासाठी धपाटे बांधून घेतले. शहागडच्या पुलाजवळ ऑइलचा दिवा लागला. दोघांनी तिथेच नदीकाठी शेगडी पेटवली, चहा केला आणि हळूहळू परत आले.

काकू म्हणाल्या, "शेगडी चांगली पेटती, एवढं तर कळलं!"

रेखाचे धपाटे मग गॅरेजवर आम्ही खाल्ले. चव फार छान होती.

*

सगळी पॅकिंगं नवी, तरी गळती चालूच. वैतागून मिलिंदनं खाली लोंबणारी एक रबरी नळी उपसली. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा तो ब्रीदर. त्याच्या तोंडात मातीचा गोळा! गाडी महिनोन्‌महिने उभी, तेवढ्या काळात कुंभारमाशीनं नळीत घर बांधलं होतं. वाफेला वाट नाही, म्हणून ती आतून ऑइलच दिसेल त्या फटीतून ढकलत होती.

काकू हळहळल्या, "बिचारीला सगळ्या गावात हीच जागा सापडली का?"

मी म्हणालो, "तिला बी लेकीच्या घरी मुक्काम नसंल करायचा!"

आबा सोडून सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरा होता.

*

आबा-काकू कोल्हापूरला गेले. गॅरेजसमोर त्यांच्या गाडीचा काळा डाग तेवढा राहिला. त्यावर दुसऱ्याची गाडी लागली की मला उगाच राग येतो.

पोचल्याचा फोन काकूंचा आला. रात्री रेखाच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी लावून दोघं आडवे झाले, तोच दारावर टकटक. रेखा उशी घेऊन उभी.

"सरका जरा, आबा. माहेरी आलेय."

आबा दोन-चार दिवसांत परत येतो म्हणाले होते. येण्याचं नाव नाही. शेवटी मिलिंदनं माझ्यासमोरच फोन स्पीकरवर टाकला.

"आबा, कधी निघताव?"

"कसं निघू बाबा? ऑइल पुन्हा गळून राह्यलंय."

मिलिंदचा चेहरा पडला. "पुठ्ठ्याचा फोटो टाका जल्दी."

फोटो आला. पुठ्ठा कोरा करकरीत, थेंब म्हणून नाही. कडेला तीन जोड चपला, आणि त्यातली एक जोडी रेखाची.

मिलिंद तो फोटो बोटांनी मोठा करून करून बघत राहिला. मग फोनमध्ये ओरडला, "लै गळून राह्यलंय, आबा! गाडी बिलकुल हलवू नका!"